डोंगरवेड्या बाबाची आठवण जपताना: फोनपासून गडावरच्या दिवसापर्यंत, टप्प्याटप्प्याने

गेल्या वर्षभरात तीन घरांतून मला एकच प्रश्न आला. नवरा गेला. डोंगरवेडा होता, सगळ्यांना हसवणारा होता. आता मित्र आणि घरचे मिळून त्याच्या आठवणीत गडावर जायचं म्हणतात, तर काय काय करायचं?

तिन्ही घरांत गडावर जायचा दिवस आधी ठरला होता आणि बाकीचं सगळं मागे राहिलं होतं. एका घरी तोवर त्याचा नंबर बंद पडला आणि वॉट्सॲपवरचे आवाज गेले. दुसऱ्या घरी भावाने मदत म्हणून त्याची सॅक आणि बूट भंगारात देऊन टाकले. तिसऱ्या घरी सहा वर्षांचा मुलगा सकाळी उत्साहाने तयार झाला, कारण गडावर बाबा भेटणार असं त्याला वाटत होतं.

माझा नवरा जाऊन चार वर्षं झाली. यातल्या निम्म्या चुका मीही केल्या आहेत. म्हणून जे करायचं ते त्याच्या क्रमासकट लिहिते आहे: आधी त्याचा आवाज आणि फोटो, मग सामान, मग मुलांशी बोलणं, मग मित्रांकडचे किस्से, आणि त्यानंतर गड. गड कुठे जात नाही. फोनमधला आवाज मात्र जातो.

## टप्पा १. फोन चालू ठेवा (पहिल्या पंधरा दिवसांत)

सगळ्यात आधी त्याच्या नंबरचं रिचार्ज करा. दिवस-कार्याच्या गडबडीत हे कुणाच्या लक्षात राहत नाही. न वापरलेलं प्रीपेड कार्ड ९० दिवसांनंतर बंद होऊ शकतं आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. वॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरात नसेल तर काढून टाकलं जातं. गूगलचं खातं दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर तेही पुसलं जाऊ शकतं, आणि त्यातच त्याचे ट्रेकचे फोटो असतात.

फोनला कुलूप असेल तर अंदाजाने आकडे टाकत बसू नका. काही फोनमध्ये दहा चुकांनंतर सगळं पुसून टाकायची सोय असते आणि ती त्याने चालू ठेवली होती की नाही हे तुम्हाला माहीत नसतं. आधी मुलांना विचारा. आमच्याकडे मी दोन दिवस डोकं धरून बसले होते. धाकटी त्याच्या मांडीवर बसून गेम खेळायची, तिला पॅटर्न पाठ होता. तिने बोटाने हवेतच काढून दाखवला.

फोन उघडला की पुढचा क्रम पाळा:

१. व्हॉइस नोट्स. या सर्वांत आधी, कारण यांची दुसरी प्रत सहसा कुठेच नसते. अँड्रॉइड फोनमध्ये वॉट्सॲपच्या फोल्डरात व्हॉइस नोट्सचा वेगळा फोल्डर असतो, तो अख्खा संगणकावर उतरवा. फाइलींची नावं बदलू नका, नावातच तारीख असते.

२. व्हिडिओ. त्याने स्वतः काढलेल्या व्हिडिओत तो दिसत नाही म्हणून लोक ते सोडून देतात. चूक. कॅमेऱ्यामागे तोच बोलत असतो. ढग आले, पाऊस आला, अरे तो बघ गरुड, जरा बाजूला हो रे.

३. फोटो.

४. मित्रांबरोबरचं आणि ग्रुपमधलं बोलणं. 'एक्स्पोर्ट' करताना फोटोंसकट घेतलं तर फक्त शेवटचे सुमारे दहा हजार निरोप येतात. दहा वर्षं जुन्या ट्रेक ग्रुपचं त्यात काहीच मावत नाही. म्हणून एकदा फोटोंसकट आणि एकदा फोटोंशिवाय, असं दोनदा घ्या. फोटोंशिवाय घेतलं की जास्त मागचं मिळतं.

५. घड्याळात किंवा ॲपमध्ये त्याने नोंदवलेल्या वाटा. त्यांची जीपीएक्स फाइल (वाटेची नोंद असलेली फाइल) उतरवून घ्या. पुढे त्याच वाटेने जायचं असेल तर हीच उपयोगी पडते.

हे झालं की मित्रांकडे वळा. त्याने पाठवलेले निरोप त्यांच्या फोनमध्ये आहेत, आणि त्याचा फोन उघडलाच नाही तर हाच एक मार्ग उरतो. फोटो मागवताना मात्र स्पष्ट सांगा: 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधे नको.' साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यातली तारीख-ठिकाण निघून जातं. मग तोरण्यावरचा फोटो २०११ चा की २०१४ चा यावर मित्र वाद घालत बसतात आणि तुमच्या हाती काही लागत नाही.

सावधान: फोन उघडला म्हणून त्याच्या यूपीआयवरून पैसे काढू नका, घरखर्चालाही नाही. बँकेला मृत्यूचा दाखला देऊन नॉमिनीच्या नावाने रीतसर करा. नंबर चालू ठेवायचा तो आठवणींसाठी आणि कागदपत्रांच्या ओटीपीसाठी.

तपासून घ्या: सगळ्याच्या तीन प्रती झाल्या का? त्यातली एक दुसऱ्या घरी आहे का, बहिणीकडे किंवा सासरी? आणि प्रत केलेल्या ठिकाणाहून निदान पाच फाइली वाजवून पाहिल्या का? माझ्या पहिल्या हार्ड डिस्कवर फोल्डरांची नावं सगळी होती, आत काहीच उतरलेलं नव्हतं. मूळ फोन अजून हाताशी होता म्हणून वाचले.

एक निरोप मला सापडला तो असा: 'अगं, आत्ता रेंज मिळाली. उतरलोय खाली. तू जेवून घे.' एकूण सात सेकंद. हा मी जपून ठेवण्यासारखा कधी मानलाच नव्हता, कारण असे निरोप दर रविवारी यायचे. म्हणून सांगते, काय ठेवायचं आणि काय नाही याची निवड आत्ता करू नका. सगळं उतरवा.

## टप्पा २. सॅक उघडा, पण धुऊ नका

नातेवाईक मदतीला येतात आणि पहिल्यांदा कपाट आवरतात. त्यांना प्रेमाने थांबवा. सॅक, बूट, जॅकेट, टोपी एका खोलीत ठेवून दाराला कडी लावा. महिना-दोन महिने तसंच राहू दे.

उघडाल तेव्हा जमिनीवर जुनी चादर अंथरा आणि एकेक वस्तू निघेल तसा फोटो काढत जा. वरचा कप्पा, कमरेच्या पट्ट्यावरचे खिसे, पावसाच्या कव्हराची आतली घडी, सगळं बघा. आमच्याकडे निघालं ते: एसटीची दोन तिकिटं, इलेक्ट्रॉलचं अर्धं पाकीट, रबर लावून ठेवलेल्या लिमलेटच्या गोळ्या, एक काळं झालेलं पातेलं आणि मोठ्या मुलाचा पहिलीतला मोजा. तो मोजा तिथे कसा गेला ते आजही कळलेलं नाही. फोटो काढला म्हणून तो कुठल्या खिशात होता हे तरी माहीत आहे.

मग ताबडतोब वेगळं करायचं ते करा. हेडटॉर्चमधले सेल काढा, गळून सगळं खराब करतात. औषधं काढून टाका. स्टोव्हमधलं रॉकेल रिकामं करा. गॅसचा डबा असेल तर तो घरात, उन्हात किंवा बंद कपाटात ठेवू नका. नियमित ट्रेकला जाणाऱ्या त्याच्या मित्राकडे द्या.

एक शर्ट न धुता झिपच्या पिशवीत ठेवा. त्यात डांबरगोळी टाकू नका, जो वास जपायचा तोच ती मारते. धाकटीने दोन वर्षांनी तो मागितला, तेव्हा मला बाकी सगळं विसरायला झालं.

सावधान, आणि यात तडजोड नाही: कडा चढायचा दोर, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), स्लिंग (पट्टीचा फास) हे त्याचं होतं म्हणून मुलांनी वापरायचं नाही. हे सगळं धाग्याचं काम. न वापरता ठेवलं तरी बनवणारे साधारण दहा वर्षांपलीकडे त्याची खात्री देत नाहीत, आणि तो दोर किती झटके खाऊन आलाय हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. भिंतीवर टांगा, तुकडा कापून किल्लीला बांधा. क्लबला द्यायचाच असेल तर वय सांगून, गाठी शिकवण्यापुरता द्या. बुटांचंही तेच. नीट दिसणारे जुने ट्रेकिंगचे बूट चार-पाच वर्षं पडून राहिले की तळाचा थर आतून कुजतो आणि चालता चालता सोल सुटून पडतो. मोठा त्याच्या बाबाचे बूट मापाला आले म्हणून घालून निघाला होता. सोल टेकडीवर सुटला, कड्यावर नाही, एवढंच नशीब.

वाटणी सहा महिन्यांनंतर. प्रत्येकाने स्वतः एक वस्तू निवडायची, दुसऱ्याने सुचवायची नाही. सासूबाईंनी महागडं जॅकेट बाजूला सारून तो ताक न्यायचा ती बाटली घेतली.

## टप्पा ३. मुलांना काय सांगायचं (गडाचा विषय काढण्याआधी)

हा टप्पा वगळून पुढे गेलात तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

ट्रेकला जाणाऱ्या बाबाच्या मुलांना एक गोष्ट पक्की माहीत असते: बाबा सॅक घेऊन जातो आणि रविवारी रात्री परत येतो. म्हणून 'बाबा लांब फिरायला गेला', 'देवाच्या डोंगरावर गेला', 'बाबा आता सह्याद्रीत असतो' ही वाक्यं, कितीही गोड वाटली तरी, लहान मुलाला सांगू नका. ते दाराकडे कान लावून बसतं. 'झोपला' हेही नको, मग त्याला रात्री झोपायची भीती वाटते.

साधं सांगा. बाबा वारला. त्याचं शरीर बंद पडलं. तो परत येणार नाही. तुझ्यामुळे झालं नाही. हे एकदा सांगून भागत नाही. सहा-सात वर्षांचं मूल तोच प्रश्न वीस वेळा विचारतं, आणि विसाव्या वेळीही उत्तर तेच असायला हवं. आजी एक सांगते, काका दुसरं सांगतो, असं झालं की मूल विचारणंच बंद करतं. त्यामुळे घरातल्या मोठ्यांना एकत्र बसवा आणि काय शब्द वापरायचे ते ठरवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण करतं कोण?

मग गडाविषयी विचारा, असं: 'बाबाला आवडायचं त्या गडावर आपण सगळे जाणार आहोत. बाबा तिथे नसेल. आपण त्याच्या गोष्टी सांगणार आहोत. तुला यायचंय का?' नाही म्हणालं तर नाही. वयात आलेली मुलं बऱ्याचदा नाही म्हणतात. त्यांना 'बाबासाठी एवढंही नाही का?' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना तुम्ही स्वतः आवरा. मोठा पहिल्या वर्षी आला नाही. दुसऱ्या वर्षी सगळ्यांच्या पुढे होता.

तपासून घ्या: निघण्याच्या आदल्या दिवशी मुलाला विचारा, 'उद्या आपण कशाला चाललोय?' उत्तरात बाबा भेटणार असल्याचा सूर आला तर पुन्हा बसून बोला.

## टप्पा ४. किस्से गोळा करा, भाषणं नकोत

शोकसभेत दहा जण उभे राहतात आणि दहाही जण सांगतात की माणूस दिलदार होता. खरं असतं, पण त्याच्या लेकीला वीस वर्षांनी त्यातून बाबा दिसत नाही. तिला हवं असतं की तो रतनगडाच्या शिडीवर काय बोलला, खिचडीत मीठ दोनदा कुणी टाकलं, वाट चुकल्यावर तो चिडला की हसला.

म्हणून एकेकाला गाठा. शक्यतो मित्राच्या घरी, त्याच्या बायकोमुलांसमोर नाही. वीस-पंचवीस मिनिटं पुरे. फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. रेकॉर्ड करतोय हे आधी सांगा आणि मुलांना ऐकवलं तर चालेल ना, तेही विचारा.

'तो कसा होता?' हा प्रश्न विचारू नका. हे विचारा:

पहिल्यांदा कुठे भेटलात, आणि तेव्हा त्याच्या पायात काय होतं? त्याने तुला काय शिकवलं जे तू अजून करतोस? तो कधी घाबरलेला पाहिलास? कधी भांडलात, आणि कुणी आधी बोलायला सुरुवात केली? त्याच्या डब्यात काय असायचं? रात्री शेकोटीजवळ तो घरच्यांबद्दल काय बोलायचा?

शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो. विचाराच. मला त्याच्या मित्राने सांगितलं की चंद्र चांगला असला की तो म्हणायचा, 'हे घरी नेता आलं असतं तर.' हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

त्याला देव बनवू नका. तो उशिरा यायचा, चिखलाचे बूट स्वयंपाकघरापर्यंत आणायचा, परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना टेकडीवर न्यायचा. हे काढून टाकलंत तर उरतो तो हार घातलेला फोटो.

मित्रांच्या यादीत एक घर हमखास राहून जातं: गडाखालच्या गावातलं. ज्या ओसरीवर हे लोक वर्षानुवर्षं झोपले, जेवले, तिथल्या मावशींना बातमीच कळलेली नसते. तिथे पन्नास माणसं घेऊन थडकू नका. आधी एकट्या जाऊन या. मी गेले तेव्हा मावशी भाकरी थापत होत्या. माझ्यामागे दाराकडे बघत म्हणाल्या, 'आन् साहेब? गाडी लावत्यात का?' मी सांगितलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, नीट शेकली, खाली काढली, आणि मग पदर तोंडाला लावला. त्यानंतर तासभर त्या त्याच्याबद्दल जे बोलल्या ते माझ्याकडचं सर्वांत मोलाचं रेकॉर्डिंग आहे.

तपासून घ्या: प्रत्येक फाइलीच्या नावात सांगणाऱ्याचं नाव, गड आणि अंदाजे वर्ष टाकलंय का? 'नवीन रेकॉर्डिंग १७' असं नाव असलेलं कुणी पुन्हा उघडत नाही.

## टप्पा ५. दिवस आणि जागा

वर्षश्राद्ध तिथीने होतं, ते घरी तिथीनेच करा. गड त्या तिथीला बांधू नका. तिथी आषाढात किंवा श्रावणात आली तर तुम्ही ऐन पावसात निसरड्या वाटेवर आजी-आजोबांना घेऊन जाणार. जिल्हा प्रशासन त्या दिवसांत बऱ्याच धबधब्यांवर आणि गडांवर बंदीही घालतं. पितृपक्षातही सह्याद्रीत पाऊस संपलेला नसतो. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची सुरुवात, हा काळ उत्तम. त्याचा वाढदिवस यात येत असेल तर त्याहून चांगला दिवस नाही, मृत्यूच्या तारखेपेक्षा तर नक्कीच.

जागा निवडताना नेहमीची चूक म्हणजे त्याचा सर्वांत अवघड गड निवडणं. येणाऱ्यांतल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला जमेल तो गड निवडा. पुण्याकडच्यांसाठी माझा हिशोब असा:

सासू-सासरे गुडघ्याने बेजार असतील तर सिंहगड. गाडी वरपर्यंत जाते. ज्यांना चालायचंय त्यांनी आतकरवाडीतून पायवाटेने चढायचं आणि वर भेटायचं. रविवार मात्र टाळा, घाटात गाड्यांची रांग लागते.

बहुतेकांना थोडं चालता येत असेल तर लोहगड. लोहगडवाडीपर्यंत गाडी, पुढे पायऱ्या. लोकलने येणारे मळवलीला उतरून भाज्यावरून चालत येऊ शकतात. विंचूकाट्यापर्यंत, म्हणजे गडाच्या लांब सोंडेच्या टोकापर्यंत, सगळ्यांनी जायचा हट्ट नको.

फक्त मित्र आणि मोठी मुलं असतील तर राजगड, पण पाली दरवाज्याच्या पायऱ्यांनी. गुंजवण्याहून चोरदरवाज्याची वाट शेवटी अंगावर येते, तिथे रेलिंग धरून चढावं लागतं. दुःखात असलेला माणूस पायाखाली कमी बघतो. हे मी अनुभवाने सांगते.

आणि गडच हवा असं कुठे आहे? तो रोज पहाटे ज्या टेकडीवर जायचा ती वेताळ टेकडी किंवा पर्वतीही चालेल. रोजच्या वाटेवर तो जास्त होता.

सावधान: मृत्यू डोंगरातच झाला असेल तर पहिल्या वर्षी मुलांना त्या जागी नेऊ नका. त्याच्या मित्रांना तिथे जावंसं वाटणं साहजिक आहे, त्यांनी वेगळं जावं.

माणसं वीस-पंचवीसच्या वर नेऊ नका. त्याच्यावर प्रेम करणारे शंभर असतील, त्यांच्यासाठी शहरात एक संध्याकाळ ठेवा. परदेशातल्या नातेवाइकांना गडावरून व्हिडिओ कॉल लावायच्या भानगडीत पडू नका. रेंज जाते आणि अर्धा तास 'ऐकू येतंय का' यात जातो. त्यांनी त्याच दिवशी आपल्या जवळच्या डोंगरवाटेवर जावं आणि आवाज रेकॉर्ड करून आधीच पाठवावा.

## टप्पा ६. गडावर काय करायचं नाही

पाटी लावायची नाही. नाव कोरायचं नाही, रंगवायचं नाही, सिमेंटचा कट्टा बांधायचा नाही. लोहगडासारखे गड केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहेत. १९५८ च्या कायद्यानुसार अशा वास्तूची खराबी केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. राजगड आणि लोहगड तर जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी, दगडावर बदाम कोरणाऱ्यांवर तो किती संतापायचा ते आठवा.

रक्षा गडावरच्या टाक्यात किंवा तलावात सोडायची नाही. ते पिण्याचं पाणी आहे. मागून येणारा ट्रेकर आणि गावचे लोक तेच पितात.

उदबत्ती, धूप, समई, कापूर, फटाके काहीही पेटवायचं नाही. कड्यांना आग्या मोहोळं असतात. धुराने आणि उग्र वासाने माशा उठतात आणि माणसांचा जीव जाऊ शकतो. त्या दिवशी अत्तर आणि परफ्यूमही नको. शिवाय हिवाळा सरताना गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने वणवा लागतो. ओवाळायचं असेल ते घरी.

ड्रोन परवानगीशिवाय उडवायचा नाही. स्पीकर नाही. हार नेलात तर प्लास्टिकच्या दोऱ्याचा नको, आणि तो परत आणायचा.

मुक्काम किंवा गटाने कार्यक्रम करायचा असेल तर वनविभागाच्या आणि पुरातत्त्व विभागाच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारा. गावच्या सरपंचांच्या कानावर घाला. त्यांनी वाटाड्या दिला तर घ्या, त्याला नीट पैसे द्या.

## टप्पा ७. तो दिवस

पहाटे लवकर निघा. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला एक मित्र, सर्वांत मागे दुसरा, आणि मागच्याच्याही मागे कुणाला राहू द्यायचं नाही. प्रथमोपचार मागच्याकडे. तुम्ही स्वतः मध्ये चाला. त्या दिवशी कुणाचं पाणी, कुणाचा डबा याची जबाबदारी घेऊ नका, ती मित्रांना वाटून द्या. मी पहिल्या वर्षी पंचवीस जणांचे पोहे मोजत बसले आणि सूर्योदय हुकला. अडचण आलीच तर ११२ लक्षात ठेवा, आणि रेंज कुठे मिळते ते खालच्या गावात विचारून घ्या.

वर पोचल्यावर आधी खा-प्या. रिकाम्या पोटी आणि घामेजल्या अंगाने कुणाला काही सुचत नाही. मग सावलीत, कड्यापासून लांब गोल बसा.

सुरुवात सर्वांत धाकट्याने करायची, मोठ्यांनी नाही. मोठे आधी रडले की मुलं बोलत नाहीत. धाकटीने सांगितलं होतं, 'बाबा माझ्या चपातीचा रोल करून त्याची दुर्बीण करायचा.' त्यावर जो हशा पिकला त्यानंतर सगळे मोकळे झाले. हसू आलं तर हसा. कुणी 'हे काय, आजच्या दिवशी?' असं म्हणालंच तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. तो असता तर सर्वांत मोठ्याने तोच हसला असता.

प्रत्येकी एक किस्सा, तीन-चार मिनिटं. मग त्याचा एक आवाज ऐकवा, फक्त एकच, आणि कोणता ते आधी ठरवा. मुलांना घरी तो आधी ऐकवलेला असला पाहिजे. अचानक बाबाचा आवाज कानावर आला तर मूल हादरतं. त्यानंतर दोन मिनिटं गप्प बसा आणि उठा.

शेवटी त्याच्या पातेल्यात चहा करायची माझी फार इच्छा होती. वर आग पेटवायची नाही हे आपणच ठरवलंय. म्हणून खाली मावशींच्या चुलीवर केला. काळं पातेलं, कोरा चहा, गवती चहाची पात.

उतरताना कचऱ्याचं एक पोतं भरून आणा. तो आणायचाच.

तपासून घ्या: गाडीत बसण्याआधी माणसं मोजा. भावनेच्या भरात एखादा मित्र एकटाच मागे बुरुजावर बसून राहतो. आमच्याकडे राहिला होता.

## टप्पा ८. झाड लावायचं तर

झाड लावणं सोपं वाटतं म्हणून लोक त्याच दिवशी, डिसेंबरात, गडावर लावून टाकतात. पुढे सहा महिने पाऊस नाही. ते मरतं, आणि मरून वाळलेलं ते रोप पुढच्या वर्षी मुलांना दिसतं. असं होऊ देऊ नका.

मे महिन्यात खड्डा खणा, दीड-दोन फूट लांब-रुंद-खोल, आणि उन्हात तापू द्या. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की जूनअखेर-जुलैत लावा. रोप चार-पाच फुटांचं घ्या. जांभूळ, करंज, बहावा, उंबर, हिरडा यांतलं काहीही चालेल. गुलमोहर, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया नको, ही आपल्याकडची झाडं नाहीत.

जागा गडाच्या माथ्यावर किंवा उघड्या सड्यावर नको. कासच्या पठारासारखे सडे मोकळेच असतात, तिथली छोटी फुलं झाडाच्या सावलीत जगत नाहीत. गावच्या शाळेचं आवार किंवा मावशींच्या अंगणाचा कोपरा निवडा, जिथे पाणी आहे आणि नजर आहे.

रक्षा टाकायची असेल तर मूठभर, भरपूर माती आणि शेणखतात कालवून, मुळांपासून दूर. नुसत्या रक्षेने माती खारट होते आणि रोप जळतं.

पहिले तीन उन्हाळे पाणी लागतं, आठवड्यातून दोनदा. हे काम कोण करणार हे ठरल्याशिवाय खड्डा खणू नका. गावातल्या कुणाला सांगत असाल तर त्याचे पैसे ठरवा आणि वेळेवर पाठवा. आम्ही वहीत तीन वर्षांचे महिने आखून प्रत्येकापुढे नाव लिहिलं. एप्रिल धाकटीकडे आहे, कारण तिला सुट्टी असते. आदल्या रात्री ती दोन कॅन भरून दाराशी ठेवते आणि सकाळी सहाला मला उठवते.